ऑर्ली फार्मचा सातबारा

हॅरो, लंडन
रविवार

ती. आण्णा आणि ती. सौ. आई यांना,


पत्र लिहायचं कारण, आम्हाला आण्णांचं मत लेखी पाहिजे. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर आधी आई "जेवलीस का?" म्हणते, मग पाऊस, मग गल्लीतली लग्नं, आणि फोन आण्णांच्या हातात जाईपर्यंत त्यांची रंकाळ्याला फिरायला जायची वेळ होते. शिवाय प्रकरण दस्ताचं आहे. दस्ताचं काम तोंडी करू नये, हे सब-रजिस्ट्रार ऑफिसातनं रिटायर झालेल्या माणसाला मी काय सांगू?

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडं बैठक भरते. घरं आळीपाळीनं ठरली होती, पण मिसळ फक्त आमच्याकडं होते म्हणून बैठक इथंच मुक्कामाला राहिली. विषय एकच, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्या. हसू नका. सुरुवात तुमच्या नातीपासून झाली. तिला शाळेत डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' लावलंय. तुमचे जावई मदतीला बसले आणि तासाभरात "स्क्रूज कंजूष नव्हता, हिशोबी होता" इथवर पोचले. नात म्हणाली, हे पेपरात लिहिलं तर मी नापास होईन. मग जावयांनी आपलं म्हणणं पटेल अशी माणसं शोधायला घेतली. तसं एकही सापडलं नाही, मंडळ मात्र जमलं.

त्यात इचलकरंजीचा एक इंजिनिअर आहे, त्याला थॅकरेपुढं कुणी दिसत नाही. नागपूरचे डॉक्टर 'मिडलमार्च'शिवाय दुसऱ्या पुस्तकाला पुस्तक मानत नाहीत. त्यातला कॅसॉबन सगळ्या पुराणकथांची एकच गुरुकिल्ली लिहीत जन्म घालवतो आणि ती पुरी न करताच मरतो. डॉक्टरांची बायको म्हणते, घरात एक असताना पुस्तकातला कशाला वाचायचा? पुण्याच्या वहिनी सगळ्यांचे उच्चार दुरुस्त करतात. बेळगावच्या बाई बोलतात कमी, पण बोलल्या की विषय संपतो.

उदाहरण सांगते. थॅकरे आपल्या कलकत्त्यात जन्मला, 1811 ला. त्याच्या 'व्हॅनिटी फेअर'मध्ये बेकी शार्प नावाची पोरगी हिंदुस्थानातनं आलेल्या एका कलेक्टरला गटवायला त्याच्या घरची करी खाते. जीभ पोळते, तरी मिरची म्हणजे काहीतरी गारेगार असणार समजून तीही चावते. पुढं काय होतं ते आईला सांगायला नको. इंजिनिअर म्हणाला, इंग्रजीतली ही सगळ्यात हुशार नायिका. बेळगावच्या बाई म्हणाल्या, "हुशार असती तर आधी वास घेतला असता." थॅकरे त्या महिन्यापुरता मिटला.

खरी जुंपली ती अँथनी ट्रोलपच्या 'ऑर्ली फार्म'वरनं. ही कादंबरी 1861-62 मध्ये महिन्याला एक अशी वीस भागांत निघाली. आम्हाला ती घरचीच वाटते, कारण ट्रोलप ह्याच हॅरोत वाढला. बाप वकील, वकिली चालेना म्हणून खंडानं शेती घेतली, तीही बुडाली. पोरगं चिखल तुडवत इथल्या बड्या शाळेत जायचं आणि श्रीमंतांच्या पोरांचा मार खायचं. 1834 मध्ये कर्जापायी बापानं बेल्जियम गाठलं. घरावर जप्ती आली तेव्हा शेजारच्या मुलींनी कुंपणाच्या फटीतनं काचसामान, थोडी चांदी आणि पुस्तकं पलीकडं पळवली. ते सगळं मनात ठेवून त्यानं पुढं ह्याच घरावरनं कादंबरीतलं ऑर्ली फार्म रचलं. इथल्या एका शाळेनं त्याच्या परवानगीनं तेच नाव घेतलं, ती शाळा अजून चालू आहे.

आता आण्णा, नीट लक्ष देऊन वाचा. सर जोसेफ मेसन नावाचा म्हातारा, पहिल्या बायकोचा थोरला मुलगा कर्ता, दुसरी बायको तरुण, तिचं पोरगं पाळण्यात. लेडी मेसन नवऱ्याच्या पाया पडते, एवढं एक शेत तरी ह्याच्या नावावर कर. म्हातारा ऐकत नाही. तो मेल्यावर मृत्युपत्राला जोडलेली एक पुरवणी निघते, शेत धाकट्याला. त्यावर नवऱ्याची सही, वकिलाची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. थोरला कोर्टात जातो आणि हरतो. वीस वर्षं सगळं गप्प. मग धाकटा वयात येतो, परदेशात शिकून सुधारलेली शेती करायची म्हणून ग्वानोचं खत आणायला लिव्हरपूलला धावतो आणि शेतातल्या दोन तुकड्यांवरनं जुन्या कुळाला उठवतो. हे कूळ म्हणजे स्वतः वकील, आणि पुरवणीवर सही असलेल्या वकिलाचा जावई! तो सासऱ्याची जुनी कागदपत्रं उचकतो आणि त्याला सापडतो भागीदारीचा एक दस्त. तीच तारीख, तेच साक्षीदार. आणि साक्षीदारांतली मोलकरीण तर ठाम सांगते, त्या दिवशी मी एकाच कागदावर सही केली.

बाईनं चारही सह्या स्वतः केल्या होत्या, हे वाचकाला निम्म्या पुस्तकाच्या आसपासच कळतं. म्हणजे रहस्य नाहीच, नुसती धाकधूक. कोर्टात ती निर्दोष सुटते, आणि सुटल्यावर शेत थोरल्याला परत जातं.

ह्यावर आमच्याकडं जे झालं ते कोर्टातही झालं नसेल. जावई म्हणाले, बाईचं काय चुकलं? म्हाताऱ्यानं दुसरं लग्न केलं तेव्हाच वाटणी करायला पाहिजे होती. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, खोटी सही ती खोटी सही. इंजिनिअरचा सगळा राग पोरावर, "कुळाला हात लावायची गरज काय होती? वीस वर्षांची फाइल उघडली ती ग्वानोपायी!" वहिनींनी ग्वानोचा उच्चार दुरुस्त केला. बेळगावच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्या मोलकरणीला सही करायचे पैसे कुणी दिले होते का, तेवढं सांगा." पाच मिनिटं कुणी बोललं नाही. तिचा मेहनताना कुठल्याच पानावर सापडेना.

त्या दिवशी शेजारच्या आजीही आल्या होत्या. ग्रंथपाल होत्या, ट्रोलप त्यांना पाठ. त्यांना वाटलं होतं, आम्ही निवेदनशैलीवर, पात्रांच्या नैतिक घडणीवर वगैरे बोलू. दोन तास साक्षीदार, कूळ आणि वाटणी ऐकल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "ह्यातलं कुणी तुमच्या नात्यात आहे का?" मी म्हटलं, सगळेच आहेत. आई, तूच आठव, मंगळवार पेठेतल्या आत्याकडचं ते विहिरीचं प्रकरण. इंग्रजांना ह्या कादंबऱ्या म्हणजे टीव्हीवरचे घागरे आणि घोडागाड्या झाल्यात. आपल्याकडं पुढची तारीख पडायची बाकी आहे. म्हणून माझं ठाम मत, ट्रोलप आज खऱ्या अर्थानं वाचला जात असेल तर तो करवीर तालुक्यात वाचला जावा. पानं फार आहेत, पण दाव्याचे कागद काय कमी असतात?

आणि माणूस आपल्या आण्णांसारखाच, सरकारी नोकर. पोस्टात होता. 1852 मध्ये चॅनल बेटांवर रस्त्यातल्या टपालपेट्या आल्या त्या त्याच्याच शिफारशीनं. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, समोर घड्याळ, पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द, मग ऑफिस. अशा सत्तेचाळीस कादंबऱ्या. आत्मचरित्रात त्यानं सगळ्या पुस्तकांची कमाई पेन्सापर्यंत मांडली, 68,939 पौंड 17 शिलिंग 5 पेन्स. मोठ्या लेखकानं असा हिशोब द्यावा का, म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. जावयांना मात्र स्क्रूजनंतर पहिल्यांदाच आपला माणूस भेटला.

पुण्याच्या वहिनींनी मग नेहमीप्रमाणं हरि नारायण आपटे काढले. त्यांची 'मधली स्थिती' 1885 ची, रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या रहस्यकथांवर बेतलेली. ते खरंच आहे, आणि पाच वर्षांत तोच माणूस 'पण लक्षात कोण घेतो'पर्यंत पोचला हे त्याहून मोठं. पण पुढं त्या म्हणाल्या, "कोल्हापूरचा ह्या सगळ्याशी काय संबंध?" असं आमच्याच घरी, आमचीच मिसळ खाऊन!

मी शांतपणे सांगितलं, आमच्या राजाराम महाराजांनी 1870 मध्ये तेच लंडन स्वतः पाहिलं, डिकन्स वारला त्याच वर्षी. इंग्रजीत रोजनिशी लिहिली. परतताना नोव्हेंबरात फ्लॉरेन्सला निवर्तले, वय अवघं वीस. अर्नो नदीकाठी दहन झालं, तिथली छत्री मेजर मँटनं आखली, आणि आमचा नवा राजवाडाही त्याचाच. रोजनिशी 1872 मध्ये छापून आली. आणि आमचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं आहे, 'डेव्हिड कॉपरफिल्ड'चा शेवटचा भाग निघाला त्या सालचं. वहिनी म्हणाल्या, "फ्लॉरेन्स नव्हे, फिरेन्झे." तिथं मी हात टेकले.

पुढच्या महिन्यात मेडोज टेलरची 'तारा' घेतलीय, 1863 ची. नायिका तुळजापूरची, आणि प्रतापगडावर अफझलखानाची भेट. टेलर निजामाच्या नोकरीतला, नळदुर्गाकडं कारभार केलेला, म्हणजे मुलूख डोळ्यांनी बघून लिहिणारा. तरी शिवाजी महाराजांवर इंग्रजानं लिहिलेलं मराठी माणसांनी वाचायचं म्हणजे त्या शनिवारी मिसळ कमी आणि ताक जास्त ठेवायचं ठरलंय. आई, कांदा-लसूण चटणी संपत आली आहे, येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत घाल.

आता आण्णा, तुमचं काम. दोन साक्षीदारांची अट इथं 1837 च्या कायद्यात आहे, आपल्याकडं 1925 च्या. मृत्युपत्र नोंदवायची सक्ती आपल्याकडं नाही हे मी सगळ्यांना सांगितलं. पण समजा लेडी मेसन ती पुरवणी घेऊन तुमच्या टेबलापुढं उभी राहिली असती, चारही सह्या एकाच शाईच्या, तर तुम्ही ती ओळखली असती का? आणि ओळखून दस्त परत दिला असता, की पाळण्यातलं पोरगं बघून शिक्का मारला असता? बेळगावच्या बाईंना सांगितलंय की कोल्हापूरचा निकाल आला की तो सर्वांवर बंधनकारक. शेवटच्या शनिवारच्या आत पाठवा, साध्या कागदावर चालेल, सही मात्र पूर्ण करा.

तुमची
धाकटी