कलपनिर्णय

पहिला पांढरा केस दिसल्यावर तो उपटू नये. एक उपटला की सात उगवतात ही समजूत खोटी आहे. एका मुळातून एकच केस येतो आणि तो पुन्हा पांढराच येतो. उपटण्याचा तोटा वेगळा. ती सवय लागली की पुढे कलप लावायचा की नाही हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण लावायला काही राहत नाही.

आधी कारण समजून घ्यावं. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशींचा साठा वयानुसार आटत जातो आणि त्यानंतरचा केस बिनरंगाचा बाहेर पडतो. जो बाहेर आला तो निर्जीवच असतो, रातोरात पांढरा होत नाही. तेव्हा ‘पोराच्या बारावीनं एका रात्रीत माझे केस पिकवले’ हे विधान शास्त्राला मान्य नाही. घरात मात्र करत राहावं, उपयोगी पडतं. पंचविशीच्या आतच केस पिकू लागले तर डॉक्टरांकडे जाऊन बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्यावं. त्यानंतर पिकले तर शास्त्राधार पाहावा, आणि शास्त्राधाराच्या बाबतीत उज्जैनकरांसारखं सुदैवी कोणी नाही. इतर गावांना सलूनवाल्याच्या मतावर भागवावं लागतं. आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीचा स्थानिक ग्रंथ आहे.

वराहमिहिर हा अवंतीचा. त्यानं विद्या घेतली ते कपित्थक म्हणजे उज्जैनजवळचं कायथा असं मानतात. हो, तेच कायथा, जिथली ताम्रपाषाणयुगीन वसाहत आपल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी शोधून काढली. सहाव्या शतकातल्या या ज्योतिष्यानं ‘बृहत्संहिता’ लिहिली. तीत ग्रहण आहे, भूकंप आहे, पाऊस आहे, देवळांची बांधणी आहे, रत्नांची पारख आहे आणि सुगंधांच्या अध्यायाच्या अगदी सुरुवातीला कलप आहे. म्हणणं सरळ आहे: डोकं पांढरं असेल तर हार, अत्तर, कपडे, दागिने काही शोभत नाही, सबब काजळाइतक्याच निष्ठेनं केस रंगवावेत. ज्या माणसानं ग्रहांच्या गती मोजल्या त्याला ही गोष्ट किरकोळ वाटली नाही, हे आपल्या सौभाग्यवतींना अवश्य सांगावं.

कृती अशी. लोखंडी भांड्यात कोद्र्याचे दाणे आंबवलेल्या द्रवात लोहचूर घालून शिजवावेत. बारीक वाटून डोक्याला थापावेत, वर ओली पानं गुंडाळावीत आणि दोन प्रहर बसून राहावं. मग ते काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पानं, पुन्हा दोन प्रहर. प्रहर तीन तासांचा, म्हणजे एकूण बारा तास. धुतल्यावर डोकं काळं होतं. शेवटी सुगंधी तेलांनी लोखंडाचा आणि आंबटपणाचा वास घालवावा आणि अंतःपुरात जाऊन राज्यसुख भोगावं. फ्रीगंजातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ही शेवटची पायरी कशी पार पाडायची, यावर ग्रंथ मौन बाळगतो. बारा तास डोक्याला पानं बांधून घरात फिरलेल्या माणसाचं अंतःपुरात कसं स्वागत होईल, हेही वाचकानं आपल्या जोखमीवर ठरवावं.

चेष्टा पुरे, कृती खरी आहे. आंबट द्रवात लोखंड विरघळतं, आवळ्यातल्या टॅनिनशी त्याची गाठ पडली की काळा रंग बसतो. धार जिल्ह्यातल्या बागच्या छपाईतला काळा रंगही हिराकसातून, म्हणजे लोखंडातूनच येतो. आणि तुमच्या मावशी रात्री लोखंडी कढईत मेंदी, चहाचं पाणी आणि आवळ्याची पूड कालवून ठेवतात, ती वराहमिहिराचीच पाठशाळा. फक्त मावशींनी बारा तासांचे दोन केले.

एवढ्यावर निर्णय लागला असता, पण उज्जैन हे उज्जैन आहे. इथे प्रत्येक मताला समोरच्या गल्लीतून उत्तर येतं. क्षिप्रेकाठी भर्तृहरीची गुहा आहे. त्याचं वैराग्यशतक वामन पंडितांनी मराठीत आणलंय, तेव्हा संस्कृत येत नाही ही सबब चालणार नाही. त्याच्या मते सुरकुत्या पडल्या, केस पिकले, अंग सैल झालं, तरी माणसाची एकटी हाव तेवढी तरुण राहते. हे वाचल्यावर कलपाचं पाकीट फोडताना हात अडखळतो. शिवाय हा माणूस नुसता बोलणारा नव्हे. आख्यायिका अशी की राजा असताना त्याला म्हातारपण येऊ न देणारं फळ मिळालं. त्यानं ते राणीला दिलं, राणीनं अश्वपालाला, त्यानं गणिकेला आणि गणिकेनं भक्तिभावानं पुन्हा राजालाच. वार्धक्यावरचा खात्रीचा इलाज अख्खं गाव फिरून आला, पण ज्याच्या हाती आला त्यानं दुसऱ्याच्या तारुण्यासाठी पुढे ढकलला. राजा मात्र हिशेब कळल्यावर राज्य सोडून निघाला. ज्यांना हा मार्ग पत्करायचा असेल त्यांनी दुकान आधी कोणाच्या तरी नावावर करावं.

दुकानावरून आठवलं, कालिदासाचं मतही घ्यावं. रघुवंशाच्या बाराव्या सर्गात वार्धक्य जणू कैकेयीला घाबरून पिकल्या केसाचं सोंग घेतं, दशरथाच्या कानाशी येतं आणि राज्य रामाला दे म्हणून सांगतं. पटनी बाजारात गादीवर बसणाऱ्या आणि तिशीतला मुलगा शेजारी उभा असणाऱ्या मंडळींनी यातून बोध घ्यावा: कानावरचे केस सर्वांत आधी रंगवावेत.

पांढरे केस अशुभ, हा युक्तिवाद मात्र या गावात करू नये. ज्याच्या राज्यात आपण राहतो तो महाकाल स्वतः रोज पहाटे भस्म लावून घेतो.

ग्रंथ असे भांडत असताना व्यवहारात निर्णय कसा घ्यावा? सकाळी पोहे-जिलेबीच्या दुकानात उभं राहावं आणि पुढ्यात पुडा ठेवणारा काय म्हणतो ते ऐकावं. ‘भैया’ म्हणाला तर काही करू नये. ‘अंकल’ म्हणाला तर महिनाभर थांबावं, तो सगळ्यांनाच म्हणतो. ‘बाबूजी’ म्हणून शेव न मागता वाढली, तर प्रश्न उभा राहिला असं धरावं आणि शेव खाऊन घ्यावी. बायकांची परीक्षा याहून कडक असते. पिकल्या केसांचा पुरुष अनुभवी दिसतो. त्याच वयाची बाई तशी दिसली तर भिशीत चौघी विचारतात, ‘बरं नाही का गं?’ हा अन्याय आहे, आणि कलपाचा निम्मा धंदा त्यावर चालतो असं माझं मत आहे. ‘उन्हात केस पांढरे केले नाहीत’ असं ठणकावण्याचा हक्क कलप लावल्यावर जातो, हेही दोन्ही पक्षांनी जमेत धरावं.

लावायचं ठरलंच, तर पाकिटावर ‘मेंदी’ लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नये. नुसती मेंदी पांढऱ्या केसावर नारिंगी चढते. ‘काळी मेंदी’ नावाचं झाड नाही. तिच्यातला काळेपणा बहुतेकदा पीपीडी या रसायनाचा असतो, आणि काहींना त्यानं चेहरा सुजेपर्यंत त्रास होतो. म्हणून कानामागे थोडं लावून 48 तास थांबावं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही, कारण कलपाची आठवण लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच होते. भुवयांना अजिबात लावू नये. डोळे एकदाच मिळतात.

मुहूर्त लग्नाआधी तीन-चार दिवसांचा धरावा, म्हणजे कपाळावरचा डाग वऱ्हाड येण्याआधी जातो. श्रावणात दाढी-कटिंग न करणाऱ्यांनी कलपही वर्ज्य मानावा. श्रावण-भाद्रपदातल्या सोमवारी महाकालाच्या सवारीच्या गर्दीत तुमच्या टाळूकडे पाहायला कोणाला सवड नसते. 2028च्या सिंहस्थात क्षिप्रेत बुडी मारल्यावर रंग उतरेल ही भीती निराधार आहे, तो केसाच्या आत बसतो. खरा शत्रू मुळाशी असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा पंधरा-वीस दिवसांत भांगात पांढरी रेघ उघडी पडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

लोक फसतील या आशेवर मात्र कलप लावू नये. कोणी फसत नाही. शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी ओळखतात आणि ‘आज फ्रेश दिसताय’ म्हणतात; त्यांचे स्वतःचे रंगवलेले असतात, त्या तुमचं झाकतात, तुम्ही त्यांचं झाका.

सोडायचा असेल तेव्हा काय, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. लांब केसांच्या बायकांना खरा रंग टोकापर्यंत यायला काही वर्षं लागतात आणि मधल्या काळात डोकं दोन राज्यांत वाटलेलं दिसतं. 2020च्या टाळेबंदीत पुष्कळांचं हे काम सलूनं बंद राहिल्यामुळे परस्पर झालं. तशी सोय रोज होत नसते. पुरुषांनी सरळ तिरुपतीचा नवस बोलावा. मुंडन करून परत आल्यावर जे उगवेल ते उगवेल. कोणी विचारत नाही, उलट प्रसाद मागतात. तिथले केस लांबीप्रमाणे प्रतवारी लावून देवस्थान लिलावात विकतं. तुमचे सगळ्यात आखूड प्रतीत जातील, तेव्हा आपल्यामुळे देवाचं उत्पन्न वाढलं अशा गोष्टी परतीच्या गाडीत सांगू नयेत.