माडीवरचा साहेब

आजऱ्यात गल्लीला एक तरी असा असतोच. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा, कानात यंत्र. २०२० च्या टाळेबंदीत हिंजवडीहून 'चार दिवसांसाठी' आला आणि माडीवर, भाताच्या पोत्यांशेजारी टेबल मांडून बसला तो बसलाच.

आजऱ्याच्या हिशेबात काम म्हणजे शेतात, कारखान्यावर, नाहीतर कचेरीत जाणं. घरात बसून पडद्याशी इंग्रजी बोलणारा माणूस रिकामाच. घरचे आबा म्हणणार, "घरातच हाईस न्हवं? जा, दळण टाकून ये." कंपनीचंही मत हेच, फक्त ती रात्री साडेअकराला म्हणते, "घरीच आहेस ना? मग छोटासा कॉल घेऊ."

लाईटीवर त्यानं इन्व्हर्टरचा उतारा काढला. रेंजसाठी दोन सिमकार्डं घेतली. एक खिडकीत चालतं, दुसरं पोत्यावर उभं राहिल्यावर. पण आंबोलीच्या अंगानं येणारा पाऊस म्यूट होत नाही. पत्र्यावर तो कोसळायला लागला तेव्हा अमेरिकेतल्या क्लायंटनं कौतुकानं विचारलं, "एवढ्या टाळ्या कुणासाठी?" यानंही वाकून आभार मानले.

एकदा मात्र खरं बोलून पस्तावला. 'उसात हत्ती शिरलाय, अर्धा तास येत नाही,' असा निरोप धाडला. आजरा-चंदगडकडं हत्ती येतात हे शेंबडं पोरही सांगेल. पुण्यातल्या मॅनेजरला मात्र ही आजी वारल्याच्या वरची थाप वाटली. पुढं याच मॅनेजरच्या घरी दहा किलो आजरा घनसाळ पोचला. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ. शिजल्यावर जिन्यापर्यंत घमघमाट. तेव्हापासून हत्तीवर विश्वास बसला. माझ्या मते कंपन्यांनी हे धोरणातच घालावं.

राहिलं घर. त्यावर त्यानं नामी तोड काढली. सकाळी नऊला बूट घालून, आईला "येतो गं" म्हणून पुढच्या दारानं बाहेर पडतो, परड्यातनं वळसा घालून मागच्या जिन्यानं माडीवर चढतो. पहिल्या दिवशी कुत्रं भुंकलं. दुसऱ्या दिवशी आईनं डबा दिला. आता पाव्हणे आले तर ती बिनदिक्कत सांगते, "पोरगं हाफिसला गेलंय." आणि वरच्या पावलांचा आवाज कुणी काढला तर म्हणते, "उंदरं झाल्यात."

आबाही सुधारलेत. हल्ली कामाच्या वेळात खालनं हाक मारत नाहीत. रीतसर फोन करतात.

"हाफिसात हाईस न्हवं? मग सुटल्यावर येताना गिरणीतनं दळण घिऊन ये."