कायमच्या पहिलीत

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात बसवून ठेवायचं नाही, असं ठरवलं. पुढे पाचवी आणि आठवीपुरती ही सवलत आखडली. पण पहिलीचं पोर आजही बिनबोभाट दुसरीत जातं. त्या वर्गात एकच व्यक्ती दरसाल मागे राहते. तोच फळा, तीच तक्त्यांवरची मगर, तेच बालभारतीचं पुस्तक. आणि याबद्दल तिची काडीची तक्रार नसते. ती व्यक्ती म्हणजे पहिलीच्या बाई.

मी अशा एका बाईंचा नवरा आहे. तेव्हा हे व्यक्तिचित्र तटस्थ वगैरे नाही, आणि छापायला जाण्याआधी त्यावर लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणाही होणार आहेत. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या हिच्या मैत्रिणी आमच्या ओट्यावर जमतात, तेव्हा माझ्या लक्षात येतं की ही एक स्वतंत्र जमात आहे. सातवीचे गुरुजी वेगळे, चौथीचे वेगळे. मुख्याध्यापकांनी हिला दोनदा चौथी देऊ केली. मोठी पोरं, स्वतः नाक पुसणारी, स्वतः चड्डीची गुंडी लावणारी. ही म्हणाली, "नको सर. चौथीची पोरं उत्तर येत असेल तरच हात वर करतात."

पहिलीत तसं नसतं. बाईंनी प्रश्न विचारायला तोंड उघडलं की पंचवीस हात वर. "सांग बरं, पावसाळ्यात काय होतं?" "बाई, आमच्या म्हशीला रेडकू झालं!" हे उत्तर चूक आहे असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग पावसाळा बाजूला राहतो आणि रेडकाचं नाव काय ठेवायचं यावर चर्चा होते. हिच्या मते तो परिसर अभ्यासाचाच तास.

जूनच्या मध्यात प्रवेशोत्सव होतो. गुलाबाचं फूल, नवी कोरी पुस्तकं, सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक. गाडीतून उतरेपर्यंत सगळे नवरदेव असतात. आई फाटकाबाहेर गेली की पहिलं पोर भोकाड पसरतं, त्याला बघून दुसरं, आणि मग जे बापडं खुशीत बसलेलं असतं त्यालाही वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. खिडकीबाहेर आया पदराने डोळे पुसत उभ्या, त्यामुळे आतला सूर आणखी चढतो. यावर हिचा अनुभवसिद्ध उपाय आहे. सगळ्यात मोठ्याने रडणाऱ्याच्या हातात डस्टर द्यायचं. "हे सांभाळ हं. तू नसलास तर फळा कोण पुसणार?" ज्याला पद मिळतं तो रडायचा थांबतो. आमच्या पंचायत समितीत मी हाच उपाय यशस्वी झालेला पाहिला आहे.

दिवाळीपर्यंत मुलं रुळतात आणि बाईंना गावातल्या एकूण एक घराची आतली खबर मिळू लागते. करंगळी वर करून "बाई, एकीला जाऊ?" विचारायला आलेलं पोर जाता जाता सांगतं, "काल आज्जी आत्यासंगं भांडली." कुणाची जमीन विकायला निघाली, कुणाच्या घरी कधी पाहुणे येऊन मुलगी बघून गेले, कुणाचे पप्पा गोठ्यात झोपले, हे तलाठ्याआधी आणि भावकीआधी हिला ठाऊक असतं. पालक सभेला बाप माणसं मान खाली घालून बसतात ती काही शिक्षणाविषयीच्या आदराने नव्हे.

हिची पर्स हा आणखी एक विषय. खडूचे तुकडे, तीन इंच उरलेल्या पेन्सिली, जप्त केलेला भोवरा, कच्ची बोरं, आणि दात. पहिलीच्या वयात दात पडतात आणि पडलेला दात ठेवायला बाईंपेक्षा भरवशाची जागा मुलांना माहीत नसते. एकदा पतसंस्थेच्या खिडकीवर हिने सुटे पैसे म्हणून मूठ उघडली. कॅशियरने नाणी मोजून घेतली आणि दात परत सरकवला. "हा आपल्याकडे चालत नाही, मॅडम." हिने तो शांतपणे कागदात गुंडाळला. मालकाला दुपारी परत करायचा होता.

डी. एड.ला असताना ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांच्या कामाबद्दल हिने वाचलं होतं. कोसबाडच्या डोंगरावर आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येणार कशी? म्हणून या दोघींनी शाळाच कुरणात नेली. ही कुरणशाळा हिच्या डोक्यात घट्ट बसलेली. मध्यंतरी शाळेसमोर गटाराचं काम निघालं आणि जेसीबी आला. जेसीबी आल्यावर पहिलीचा वर्ग बाकावर बसवून दाखवणारा शिक्षक अजून जन्माला यायचाय. हिने सगळी वरात बाहेर काढली, लिंबाच्या झाडाखाली बसवली आणि म्हणाली, "चला, किती बकेट माती निघते मोजू." पंचवीस पोरं एका सुरात मोजू लागली. ड्रायव्हर आधी लाजला, मग त्याला हुरूप आला. बकेट भरून हवेत धरून तो आकड्याची वाट बघायचा. अठ्ठावीसपर्यंत सगळं सुरळीत झालं आणि पुढे एकमुखाने घोष झाला, "नव्वावीस!" २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढी रणधुमाळी झाली होती. मला विचाराल तर त्या समितीवर या पंचवीसांपैकी एकाला घ्यायला हवं होतं. एकवीस, बावीस, तेवीस म्हणत इथवर आल्यावर अचानक एकोणतीस कशासाठी? जेसीबीचा ड्रायव्हर तर त्या दिवशी 'नव्वावीस'च धरून चालला.

अधूनमधून पोर्टलवर माहिती भरायची असते, खिचडी वाटण्याआधी चाखून चवीच्या नोंदवहीत सही करायची असते. त्याबद्दल ही घरी फार बोलत नाही. बोलते ती वाचनाबद्दल.

अक्षरओळख अ-आ-इ पासूनच व्हायला हवी, असा सासूबाईंपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांचा आग्रह असतो. ही ग, म, भ, न पासून सुरू करते. वळणाने एकमेकांच्या जवळची अक्षरं हाताला सोपी जातात आणि चारच अक्षरांत नभ, गगन, मगन असे शब्दही जुळतात. तरी महिनोन् महिने काही घडत नाही. पोरं चित्र बघून ठोकून देतात. मगरीखालचा शब्द 'पाल' असा खणखणीत वाचला जातो. आणि मग थंडीतल्या एखाद्या दिवशी, काहीही नोटीस न देता, एक पोर खिचडीच्या पोत्यासमोर थबकतं. ओठ हलतात. "तां... दू... ळ." पोतं पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा पोतं. "बाई, यावर तांदूळ लिवलंय! आणि आत पण तांदूळच हाय!" त्या दिवशी ही घरी आली की आमच्याकडे शिरा होतो. कारण विचारायचं नसतं.

एकदा वाचता आलं की पोर थांबत नाही. एसटीची पाटी वाचतं, 'येथे थुंकू नये' वाचून थुंकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं, लग्नपत्रिकेतली 'आमच्या काकाच्या लग्नाला' ही ओळ दारोदार वाचून दाखवतं. एक बाप तर तावातावाने शाळेत आला होता. त्याच्या मुलीने कडब्याच्या गंजीतून एक बाटली हुडकून काढली आणि आजी, आई, चुलती यांच्यासमोर मोठ्याने, बोट ठेवून, वाचली. "दे-शी दा-रू. सं-त्रा." बाप म्हणाला, "बाई, एवढी घाई कशापायी केली? दुसरीत शिकवलं असतं तरी चाललं असतं की!" ही म्हणाली, "जोडाक्षर पण वाचलं?" बाप म्हणाला, "वाचलं." हिने कपाटातून पेढा काढून त्याच्या हातावर ठेवला. खाताना तो रडकुंडीला आला होता, पण पेढा संपवला.

या संगतीचे परिणाम घरी मी भोगतो. "अहो, ताटातलं संपवा बरं. शाब्बास!" हे वाक्य मला पन्नाशीतही ऐकावं लागतं. रिक्षात बसलं की "हात आत." माझ्या साहेबांना चहा देताना त्यांच्या हातून थोडा सांडला, तर ही पटकन म्हणाली, "असू दे हं, रडायचं नाही." साहेब रडणार नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा आला तो मी ऑफिसात कधी पाहिला नाही.

डावं-उजवं शिकवायची हिची साधी युक्ती आहे. ज्या हाताने जेवतोस तो उजवा, दुसरा डावा. सगळ्या वर्गाला लागू पडते. एका वर्षी मात्र एक पोर दर वेळी उलटा हात वर करायचं. हिने दोन दिवस खिचडीच्या वेळी त्याच्यासमोर बसकण मारली, तेव्हा कळलं की गडी डावखुरा. त्याची आजी त्याला उजव्या हाताने जेवायची सक्ती करत होती, तिची समजूत घातली, आणि त्याला कानात सांगितलं, "तुझं उलटं. जेवतोस तो डावा. कुणाला सांगू नकोस."

त्यानंतर बदल्यांच्या फेऱ्यात फिरून ही गेल्या काही वर्षांपासून पुन्हा त्याच गावात आहे, आणि शाळेबरोबर मतदार यादीचंही काम तिच्याच गळ्यात. परवाच्या निवडणुकीला ही व्हरांड्यात याद्या घेऊन बसली होती. रांगेतले निम्मे मतदार हिचेच विद्यार्थी, मिशा असलेली माणसं "बाई, पाणी पिऊन येऊ?" विचारत होती. केंद्राच्या आत ढवळाढवळ करायची हिला मुभा नव्हती. आवाजाला कोण अडवणार?

कडक इस्त्रीचे उपसरपंच आत गेले. शाई लावणारे अधिकारी परक्या तालुक्यातले. म्हणाले, "डावा हात." उपसरपंचांनी दिमाखात उजवा पुढे केला. "साहेब, डावा." साहेब क्षणभर गोंधळले, दोन्ही पंजे बघितले आणि पुन्हा उजवाच सरकवला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "अरे, तुझं उलटं! जेवतोस तोच!"

उपसरपंचांचा डावा हात चटकन बाहेर आला. पण बाईंचा शब्द मागच्या अख्ख्या रांगेने ऐकला होता आणि तिथे बाईंचा शब्द अखेरचा असतो. एकामागोमाग एक उजवे हात टेबलावर येऊ लागले. पुढचा अर्धा तास ते अधिकारी शाई लावायच्या आधी प्रत्येक मतदाराला विचारत होते, "तुम्ही जेवता कोणत्या हाताने?"