ढब्बू पैशाची शाई

आमच्या एका मित्राला अंबाजोगाईच्या चहाच्या टपरीवर दर आठवड्याला एक सिनेमा सुचतो. परवा दासोपंतांवरचा सुचला. "सगळा डोक्यात तयार आहे, फक्त लिहून काढणारा कुणीतरी पाहिजे!" घर तयार आहे, फक्त बांधायचं राहिलंय, त्यातली गत. जाहिरातीत स्वतःच्या नावापुढे 'संकल्पना' एवढंच टाकायचं, हेही ठरलंय.

विषय तरी कुणाचा निवडावा? सोळाव्या शतकातल्या अंबाजोगाईच्या या संतकवीनं नुसत्या 'गीतार्णव' या गीतेवरच्या टीकेच्या सव्वा लाख ओव्या रचल्या. रोज ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणे. आख्यायिका असेल, पण गावानं त्यांच्या प्रतिभेचं माप शाईनं काढलं, हे मला फार आवडतं. वर ती पासोडी. पासोडी म्हणजे पांघरायचं जाडंभरडं कापड. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद आणि त्यावर पंचमहाभूतांची मांडणी सांगणारं अख्खं 'पंचीकरण', ओव्या आणि आकृत्यांसकट. पंचमहाभूतं डोक्यात मावतात हो, ती कापडावर ओळीत बसवायची म्हणजे मनगट लागतं.

मित्राला हसलो आणि घरी येऊन मीच फसलो. दोन मीटर मांजरपाट आणला, ब्रश आणला, म्हटलं एकच ओळ लिहू. पहिल्याच अक्षराची शाई अशी फुटली की 'अ'चा ढग झाला. चौथ्या शब्दाला ओळ डोंगर चढायला लागली. कोपर टेकवावं तर आधीचं पुसतंय, उचलावं तर हात थरथरतोय.

गल्लीत एक पेंटर काका राहतात. फ्लेक्स येण्याआधी निम्म्या बाजारपेठेच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिलं.

"खळ दिली होती का आधी?"

"नाही."

"दोरी मारली ओळीला?"

"नाही."

"मग काय केलं?"

"कल्पना केली," म्हणालो. काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खिशातून खडू काढला, मांजरपाटाच्या उरलेल्या टोकावर नुसत्या नजरेनं सरळ रेघ ओढली आणि जेवायला निघून गेले.

ती रेघ अजून तशीच आहे. बाकीच्या कापडानं मी गाडी पुसतो. मित्राला आज नवा सिनेमा सुचलाय.