आतलं सील कोणी बदलत नाही

जुन्या जीपच्या मागच्या टायरवर आतल्या बाजूने काळा चिकट ओघळ दिसला, की जळगाव असो वा धुळे, निदान मिनिटात होतं. "सील गेलं, भाऊ." निदान बरोबरच असतं. माझी तक्रार त्याच्या पुढच्या कामाबद्दल आहे.

चोपडा, रावेर, शिरपूर, पारोळा या पट्ट्यात महिंद्राच्या जुन्या जीप अजून रोजच्या कामात आहेत. केळीच्या बागेत खत नेतात, सातपुड्यातल्या पाड्यांवर माणसं आणि किराणा पोचवतात. घराणं विलीज जीपचं. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत तिची जोडणी सुरू केली, आणि मागच्या एक्सलची जुनी रचना पुढे कितीतरी वर्षं टिकली. एक्सलचं टोक निमुळतं, त्यावर चावीने अडकवलेला हब, आणि प्रत्येक बाजूला दोन सील. एक बाहेर, एक आत.

दोन आहेत, हेच गॅरेजात कोणी लक्षात घेत नाही. आतलं सील डिफरन्शियलचं गियर ऑईल अडवतं. त्याच्या बाहेर टेपर रोलर बेअरिंग असतं, ते ग्रीसवर चालतं. बाहेरचं सील ते ग्रीस ब्रेककडे जाऊ देत नाही. आतलं फाटलं की ऑईल बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन काढतं आणि शेवटी बाहेरच्या सीलवरून लायनरवर उतरतं. नजरेला पडतं बाहेरचं, म्हणून बदललं जातं तेच. आतल्यासाठी बॅकिंग प्लेट सोडवून एक्सल बाहेर ओढावा लागतो. तेवढं कोणी करत नाही. पैसे मात्र "सीलचं काम" म्हणून पूर्ण घेतले जातात. काही दिवसांत टायर पुन्हा काळा होतो आणि दोष नव्या सीलवर, कंपनीवर, रस्त्यावर जातो.

हब काढण्याचीही तीच तऱ्हा. निमुळत्या टोकावर तो इतका घट्ट बसतो की पुलरशिवाय हलत नाही. पुलर विचारला तर तो कायम दुसऱ्या कोणाकडे गेलेला असतो. मग घण येतो. नट पूर्ण काढून एक्सलच्या टोकावर घाव घातला की आटे चेपतात, आणि नंतर तोच नट पान्याला लांब पाइप लावून जबरदस्तीने चढवला जातो. त्याची स्प्लिट पिनही जुनीच, सरळ करून पुन्हा घातलेली. नवी पिन काही रुपयांची असते. चाकासकट हब बाहेर येऊ नये म्हणून ती तिथे आहे, हे मला प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं.

मला सगळ्यात जास्त त्रास शिमांचा होतो. बॅकिंग प्लेटच्या मागे त्या पातळ पत्र्या बसवलेल्या असतात आणि बेअरिंगला किती खेळ राहील ते त्यांच्यावर ठरतं. हा खेळ इंचाच्या काही हजारांशांएवढाच हवा. कमी पडला तर बेअरिंग तापून जळतं, जास्त झाला तर एक्सल आतबाहेर हलतो आणि नवं सील लवकर खराब होतं. शिवाय दोन्ही बाजूंचे एक्सल मधल्या ठोकळ्याला टेकतात, त्यामुळे डावीकडची एक शिम हरवली तर उजवीकडचा हिशेबही बिघडतो. या पत्र्या मी ड्रमखालच्या मातीत पडलेल्या पाहिल्या आहेत. डायल लावून खेळ मोजा म्हटलं तर चाक हाताने हलवून दाखवतात. "चाली जाई, दादा." हाताला हजारांश कळत नाहीत.

स्पेअर पार्टच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, मॉडेल कोणतं? या गाड्यांच्या बाबतीत तो निरुपयोगी आहे. आरसी बुकात एक मॉडेल, इंजिन दुसरीचं, एक्सल तिसरीचा, असं इतक्या वर्षांच्या डागडुजीत झालेलं असतं. खरं उत्तर जुन्या सीलवरच छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगच्या कडेवरही नंबर कोरलेला असतो. पण जुनं सील पेचकसाने ओरबाडून काढतात आणि मी दुकानाकडे निघेपर्यंत ते गटारात गेलेलं असतं. जुना भाग मालकाच्या हातात द्यावा, एवढी साधी गोष्ट पाळायला काय हरकत आहे?

सील योग्य मापाचं मिळालं तरी काम संपत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून एक्सलवर खाच पडलेली असते. नवं सील त्याच खाचेत बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून गळतं. नखाने तपासलं तरी खाच कळते. सील जरा पुढेमागे बसवता येतं, नाहीतर खाचेवर पातळ बाही चढवता येते. तसं करणारा मिस्तरी भेटला की मी त्याला सोडत नाही.

आणि ब्रीदर. एक्सलच्या नळीवरची ती छोटी तोटी खानदेशच्या काळ्या मातीने आणि धुळीने बुजते. जळगावचं ऊन 45 अंशांपर्यंत जातं, तशात भरलेली गाडी पळवली की आतली हवा फुगते आणि वाट बंद असल्यामुळे ऑईल सीलवरून बाहेर ढकललं जातं. पावसाळ्यात उलटं होतं. तापलेला एक्सल नाल्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाजवळून पाणी आत ओढलं जातं. मग ऑईल दुधाळ होतं. तोटी काढून डिझेलमध्ये धुवायला पाच मिनिटं लागतात. तरी सील बदलणारे तिला हात लावत नाहीत.

लोक म्हणतात, थोडं ऑईल गळतंय, एवढं काय? ऑईल लागलेला लायनर धरत नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढून गेलेली गाडी परत उतरताना मागचं एक चाक धरतं आणि दुसरं घसरतं, तेव्हा वळणावर गाडी बाजूला ओढते. मागे माणसं बसलेली असतात. भिजलेले लायनर पेट्रोलने पुसून परत लावतात, तेही चूक आहे. आत मुरलेलं ऑईल ड्रम तापला की पुन्हा वर येतं. लायनर नवेच घालावे लागतात, आणि दोन्ही चाकांचे.

म्हणून बिलावर नुसतं "सील काम" लिहिलेलं मी आता चालवून घेत नाही. आतलं बदललं की बाहेरचं, माप काय होतं, खेळ किती ठेवला, ब्रीदर साफ केला का, पिन नवी घातली का, हे सगळं लिहून द्यायला सांगतो. आणि जुनी सीलं पिशवीत घालून माझ्या हातात द्यायला सांगतो.