माणशी शंभर ग्रॅम

परिपत्रक फेब्रुवारीतच निघालं. रेडिंगच्या त्या मराठी जोडप्याला तुम्ही ओळखता. नावाची गरज नाही, प्रत्येकाच्या नात्यात त्यातलं एक असतंच. तर त्या दोघांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘यंदा ईस्टरला चिरंजीवांना काही द्यायचं झाल्यास माणशी एकच अंडं, वजन शंभर ग्रॅमच्या आत. पांढरं चॉकलेट आणू नये. अंडं मुलाच्या हातात न देता आमच्याकडे जमा करावं. समजून घ्याल ही अपेक्षा.’ खाली जोडलेले हात. चिरंजीव सहा वर्षांचे आहेत, त्यांना अजून घड्याळ नीट वाचता येत नाही, पण त्यांच्या नावानं कोटा मंजूर झालेला आहे.

माणशी अमुक ग्रॅम ही भाषा मी शेवटची ऐकली ती रेशनच्या दुकानात, रॉकेलच्या रांगेमागे. इंग्लंडात ती चॉकलेटसाठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता हे शंभर ग्रॅम कशाचे, हा प्रश्न मिल्टन कीन्सच्या मामानं पहिल्या दहा मिनिटांत विचारला. मामा हिशेबनीस आहे. त्याचं म्हणणं, वजन खोक्यासकट धरायचं की खोका सोडून? प्रश्न थट्टेचा नव्हता. इथलं ईस्टरचं अंडं ज्यानं हातात घेतलंय त्याला कळेल. खोका प्रेशर कुकरच्या खोक्याएवढा. आत प्लॅस्टिकचा साचा, साच्यात चंदेरी कागद, कागदात अंडं, आणि अंड्यात हवा. ब्रिटनमध्ये असं पोकळ अंडं पहिल्यांदा निघालं ते १८७३ साली, ब्रिस्टलमध्ये. तेव्हापासून दीडशे वर्षं हा देश एकमेकांच्या मुलांना प्रेमानं हवा देतो आहे. बरं, अंड्याच्या शेजारी खोक्यात दोन वड्या असतात त्यांचं काय? त्या अंड्यात मोजायच्या की वेगळ्या? गेल्या वर्षी लेस्टरच्या आत्यानं नियमात बसणारं अंडं आणलं आणि वड्या पर्समधून वेगळ्या काढून दिल्या, ‘ह्या माझ्याकडून नाहीत, त्या अंड्याबरोबरच होत्या.’ यावर निकाल अजून लागलेला नाही.

कायद्यातलं प्रत्येक कलम कुठल्या तरी मामामुळे आलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी परिपत्रकात फक्त ‘माणशी एक अंडं’ एवढंच होतं. मामानं एकच आणलं. ते एक किलोचं होतं. गाडीच्या मागच्या सीटवर त्याला पट्टा लावून आणलं होतं, आणि भाचा त्याच्या मागे उभा राहिला तर त्याचे फक्त केस दिसत होते. नियम मोडला का? नाही. म्हणून ग्रॅमचं कलम आलं. पांढऱ्या चॉकलेटचं कलम आत्यामुळे. ‘हातात न देता’ हे कलम आजोबांनी मोडलं, त्याविषयी नंतर. यंदा मामानं दहा-दहा ग्रॅमची चिमुकली अंडी पन्नास आणली. वजन भरलं पाचशे ग्रॅम. आईबाप हरकत घेणार, तोवर त्यानं पाच शुभेच्छापत्रं टेबलावर मांडली: एक स्वतःचं, एक मामीचं, दोन मुलांची, एक कुत्र्याचं. प्रत्येकी शंभर. कुत्रा कुटुंबाचा सदस्य आहे असं याच ग्रुपवर सर्वांनी बदाम पाठवून मान्य केलेलं होतं. आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतं हे जगजाहीर आहे, त्यामुळे त्यानं आपल्या वाट्याचं भाच्याला देणं हे नुसतं कायदेशीर नव्हे, तर वैद्यकीयदृष्ट्या आवश्यकही होतं. ‘माणशी’ म्हटलंय, कुत्राशी नाही, असा मुद्दा वडिलांनी काढला. मामीनं त्यावर ‘आमच्या ब्रूनोला तुम्ही कधी आपलं मानलंच नाही’ असं म्हणून डोळे पुसले. पन्नास अंडी जमा करून घेण्यात आली. ‘माणशी एक’ या भागाचं काय झालं, हे कोणी विचारलंच नाही.

आत्याचं दुःख वेगळं. ती पूर्वी ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’वर जगत होती. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२५ पासून अशा गोड मालावर ‘एकावर एक फुकट’ छापाच्या सवलतींना कायद्यानं बंदी आली. त्याआधी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत पैसे भरायच्या रांगेजवळ चॉकलेटं मांडायला बंदी आली होती. म्हणजे रांगेपाशी मांडायचं नाही आणि फुकट द्यायचं नाही. पण अर्ध्या किमतीत विकता येतं, आणि नाताळ उतरला की लगेच मधली अख्खी ओळ अंड्यांनी भरता येते. डिसेंबरात! घरातल्या झाडाचे दिवे काढायचे असतात, आणि समोर ससा हसत उभा. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो, जुन्या काळी त्यात अंडी वर्ज्य, म्हणून साठलेली अंडी उपास सुटला की वाटायची, अशी यामागची साधी रीत. दुकानांनी उपास तेवढा काढून टाकला आणि वाटणं तीन महिन्यांवर नेलं. तीन महिने मुलाला रोज ती ओळ दाखवायची, आणि मग बापानं घरी वजनकाटा घेऊन बसायचं.

वजनाच्या बाबतीत आईबापांना मदत झाली ती भलतीकडून. आयव्हरी कोस्ट आणि घानात पीक हुकलं, २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, आणि बाजारातली कित्येक अंडी हलकी झाली. खोका तेवढाच राहिला. परिपत्रकानं जे साधलं नाही ते अवकाळी पावसानं आणि झाडांच्या रोगानं साधलं. श्रेय अर्थात परिपत्रकानं घेतलं.

आजी-आजोबा मार्चमध्येच आले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. पाडवा १९ मार्चला होता, म्हणून सुटकेसमध्ये पुठ्ठ्याच्या डब्यात, साडीच्या घड्यांत गुंडाळून गाठी आणल्या. गुलाबी आणि पांढऱ्या. हीथ्रोवर एकही पदक तुटलं नाही याचं आजीला कोण कौतुक. आता गाठी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. साखर, आणि आत ओवलेला दोरा. त्यात कोको नाही, दूध नाही, लेबल नाही. बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक टाइप मोठ्यानं वाचणाऱ्या बापानं ती स्वतःच्या हातानं गुढीला बांधली, संध्याकाळी उतरवून पहिलं पदक चिरंजीवांच्या तोंडात घातलं आणि फोटो ग्रुपवर टाकला. किती ग्रॅम? कोणी विचारलं नाही. संस्कृतीचं वजन करत नाहीत. दुपारी श्रीखंड झालं होतं, त्याचंही नाही. सकाळी कडुलिंबाचं एक पान दिलं होतं, त्यानं सगळं फिटलं असावं.

ईस्टरवर मात्र आजोबांचा पहिल्या दिवसापासून जीव बसला. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असं शेजारच्या बाईंनी समजावल्यावर त्यांनी बरोबर आणलेलं कॅलेंडर काढलं. गुरुवारी हनुमान जयंती, रविवारी ईस्टर. ‘अहो, म्हणजे हे तिथीनंच चाललंय की,’ म्हणाले, आणि नातवाच्या हातात थेट अंडं दिलं. कलम मोडणारे ते घरातले एकमेव. वय बघता त्यांना ताकीद देण्यात आली.

रविवारी संध्याकाळी मोजदाद झाली. मामाचं, आत्याचं, आजोबांचं, शेजारच्या बाईंचं, शाळेतल्या सजवलेल्या टोप्यांच्या स्पर्धेचं (टोपी आईनं रात्री एकपर्यंत बसून केली होती) आणि चर्चच्या हिरवळीवर शोधून सापडलेलं. सगळं मिळून किलो भरलं. मग एक्सेलची शीट उघडली. चार ते सहा वर्षांच्या मुलानं दिवसाला वरची साखर १९ ग्रॅमपेक्षा जास्त खाऊ नये, असा इथला मान्य तक्ता आहे. साखरेचे पाच क्यूब. दुधाच्या चॉकलेटमध्ये निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून रोज चौतीस ग्रॅम चॉकलेट, तेही मुलानं ज्यूस, जॅम, बिस्किट आणि आजीला टाळलं तर. किलोला भाग दिला. एकोणतीस दिवस आले. रोजचा तुकडा वजन करून, तारीख टाकून, फ्रिजवरच्या बुटांच्या खोक्यात. शेवटचा तुकडा ४ मेला, मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला, समारंभपूर्वक. दोघांच्या चेहऱ्यावर एखादा प्रकल्प वेळेत पूर्ण केल्याचं समाधान होतं.

शेजारच्या बाईंना आजोबांनी ही शीट कौतुकानं सांगितली. बाई ऐंशीच्या आहेत. युद्धाच्या काळात या देशात मिठाईवर खरंखुरं रेशन होतं, जुलै १९४२ पासून. मधे १९४९ च्या एप्रिलमध्ये उठवलं, तर लोकांनी दुकानं अशी धुऊन नेली की चार महिन्यांत पुन्हा लादावं लागलं, आणि कायमचं उठलं ते फेब्रुवारी १९५३ मध्ये. बाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या, आईबरोबर कूपनाचं पुस्तक घेऊन दुकानात जायच्या. बराच काळ चार आठवड्यांना बारा औंस मिळायचे, म्हणजे साधारण ३४० ग्रॅम. दिवसाला बारा. आमच्या कडक शिस्तीच्या, लेबल वाचणाऱ्या, मर्यादा घालणाऱ्या आईबापांच्या शीटमध्ये दिवसाला चौतीस. युद्धाच्या रेशनच्या जवळजवळ तिप्पट चॉकलेट ते संयम म्हणून वाढताहेत. बाई काही बोलल्या नाहीत. इंग्रज आहेत, चहा घेतला.

इथवर मी हसतो आहे. पण त्या बुटांच्या खोक्याचा मला खरोखर संताप येतो, कारण ही सगळी आकडेमोड ज्या दातांसाठी चालली आहे असं म्हणतात, त्या दातांना ती मुळीच मानवत नाही. साखर तोंडात गेली की तिथले जंतू आम्ल तयार करतात आणि दाताचं वरचं कवच झिजायला लागतं. अर्ध्या तासानं लाळ ते सावरू लागते. म्हणून दंतवैद्य किती खाल्लं याच्याआधी किती वेळा खाल्लं हे विचारतो, आणि गोड खायचं ते जेवणाबरोबर खा, मधेमधे चघळू नका, म्हणून घसा कोरडा करतो. इंग्लंडात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागतं त्याचं सगळ्यात मोठं कारण किडलेले दात. भूल देऊन दात काढतात! सहा वर्षांच्या पोराला! आणि आपले सुशिक्षित लोक काय करतात? अंडं मोडून त्याचे तीस दिवस करतात. रोजच्या चौतीस ग्रॅमचे पुन्हा तीन भाग: एक शाळेतून आल्यावर, एक गृहपाठ केल्यावर, एक रात्री शहाण्यासारखं वागल्याबद्दल, दात घासून झाल्यावर. नव्वद वेळा आम्ल, आणि वर बक्षीस म्हणून. पोराला रविवारी सकाळी मोकळं सोडलं असतं तर त्यानं मळमळेपर्यंत खाल्लं असतं, पोट धरून सोफ्यावर आडवा झाला असता, आणि उरलेलं वाटून टाकलं तरी त्यानं हूं की चूं केलं नसतं. स्वीडनमध्ये कित्येक घरांत मुलांना गोड फक्त शनिवारी देतात. शनिवारी खा, रविवारी विसरा. एवढं साधं. त्याला शीट लागत नाही, वजनकाटा लागत नाही, ग्रुपवर जोडलेले हात लागत नाहीत, आणि बहुधा म्हणूनच ते आपल्याला पटत नाही. मुलाला किती द्यावं हा प्रश्न यांना कधी पडलेलाच नव्हता. आपण किती चांगले पालक आहोत हे मामाला ग्रॅममध्ये कळावं, एवढंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात शीट जुळेना. खोक्यात एकशे साठ ग्रॅम कमी भरले. संशय अर्थातच आजोबांवर गेला. ते म्हणाले, मला मधुमेह आहे, माझी गोळी तूच देतेस. मग चिरंजीवांवर गेला. पण फ्रिजपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही आणि खुर्ची सरकवली तर आवाज होतो. एक जण रोज रात्री साडेनऊला ‘डबे लावून येतो’ म्हणून स्वयंपाकघरात जातो आणि दिवा न लावता डबे लावतो, हे आजीच्या लक्षात आलेलं होतं. आजी बोलली नाही. मुलगा तिचा आहे.

ईस्टरच्या रविवारी इथली मोठी दुकानं कायद्यानं बंद असतात. मंगळवारपर्यंत उरलेल्या अंड्यांवर पिवळ्या चिठ्ठ्या लागलेल्या असतात. त्या मंगळवारी बाप कामावरून येताना चार मोठी अंडी घेऊन आला होता, हे आता गाडीच्या डिकीत उघड झालं. दोन उरली होती. मोठ्या माणसाची मर्यादा त्याच तक्त्यात लिहिलेली आहे, दिवसाला ३० ग्रॅम साखर. शीटमध्ये त्याच्या नावाचा रकानाच नव्हता. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाला, ‘अगं, अर्ध्या किमतीत होती.’