कच्च्या खर्ड्याचे अभिप्रायशास्त्र

कथेचा कच्चा खर्डा म्हणजे लेखकाच्या दृष्टीने पूर्ण झालेली, परंतु दुसऱ्या लेखकाने वाचून तसे कबूल करेपर्यंत जिच्या पूर्णत्वावर शिक्कामोर्तब होत नाही, अशी कथा होय. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, तिच्या कृपेने या खर्ड्यांचे पीक ऐन पावसाळ्यात येते, आणि त्याच सुमारास अभिप्राय या वाङ्मयप्रकारालाही बहर येतो.

खर्ड्यासोबत येणारी ‘अगदी परखड मत हवे’ ही विनंती लग्नपत्रिकेवरील ‘कृपया आहेर आणू नये’ या सूचनेच्या जातीची असून, तिचे शब्दशः पालन करणाऱ्यास पुढील कार्याचे आमंत्रण मिळत नाही. त्यामुळे जाणत्या अभिप्रायकांनी (अभिप्रायक म्हणजे ज्याचा स्वतःचा खर्डा पुढील आठवड्यात त्याच मित्राकडे जायचा आहे असा वाचक) एक सुरक्षित परिभाषा घडवली आहे. ‘कथा भिडली’ याचा अर्थ आरंभ आणि शेवट वाचला, मधले राहिले. ‘वेगळा प्रयोग आहे’ याचा अर्थ शेवटही कळला नाही. आणि ‘अजून फुलवता आली असती’ हे विधान तर दोन पानी कथेपासून दोनशे पानी कथेपर्यंत कोठेही बिनदिक्कत लागू पडते.

समजा, एखाद्या खर्ड्यात पहिली दोन पाने केवळ पाऊस पडत आहे, तिसऱ्या पानावर नायक वाड्याचे दार उघडतो आणि चौथ्या पानावर त्याला आईची आठवण येते. यावर ‘वातावरणनिर्मिती अप्रतिम’ असे सर्वानुमते ठरते. ‘तिसऱ्या पानापर्यंत कोणाला काय हवे आहे हेच कळत नाही, पाऊस अर्ध्या परिच्छेदात आटोपून कथा दारापासून सुरू केली, तर आईची आठवण ओढूनताणून आणल्यासारखी वाटणार नाही’ हे खरोखर उपयोगाचे वाक्य मात्र कोणी लिहीत नाही, कारण ते लिहिण्यासाठी चौथ्या पानापर्यंत वाचणे भाग असते. याउलट, जे वाचतात त्यांतील काही जण इतके रंगतात की नायकाला वाडा विकायला लावतात, त्याच्या बायकोला माहेरी धाडतात आणि स्वतःची न लिहिलेली कथा दुसऱ्याच्या खर्ड्यात लिहून मोकळे होतात. यालाच ‘काही किरकोळ सूचना’ असे म्हणतात.

मराठीत याहून वेगळी रीत होती, हे नोंदवणे आवश्यक आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनकाळात ‘सत्यकथा’ मासिकाकडून कथा बारकाव्यांच्या चर्चेसह पुनर्लेखनासाठी परत येत असे, आणि त्या काटेकोरपणाने अनेक लेखक घडले तसे अनेक दुखावलेही. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, त्यामागे या वाङ्मयीन सत्तेविषयीचा राग होता आणि तो सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येत नाही, परंतु जाळण्याजोगे मत कोणी तरी देत होते, एवढे त्यावरून सिद्ध होते. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. आज अभिप्राय म्हणून मोबाइलवर येणाऱ्या जोडलेल्या हातांच्या चित्रावर रागावणार तरी कसे?

अभिप्रायकास समीक्षाशास्त्र अवगत असण्याची वास्तविक गरजच नाही. वाचताना कोणत्या पानावर, कोणत्या ओळीपाशी आपण कथा बाजूला ठेवून फोन हाती घेतला, एवढे त्याने प्रामाणिकपणे कळवले, तरी कात्री कोठे लावायची ते लेखकाला समजते. ती कशी लावायची हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचाच राहू द्यावा. हा प्रयोग यंदा करून पाहू इच्छिणाऱ्या वाचक-लेखकांनी स्वतःची कथा मात्र आधीच संपादकाकडे रवाना केलेली बरी.